ज्याची त्याची जीभ

माझ्या भाच्याला कंपनीत सगळे होयबा म्हणायचे. राग यायचा मला, पण करणार काय, पोरगं होतंच तसं. शर्ट घ्यायला गेला की दुकानदारालाच विचारणार, "मला कुठला शोभेल?" दुकानदार काय, जो खपत नाही तोच गळ्यात मारणार. हा मुकाट्याने घेऊन येणार आणि घरी मला विचारणार, "आत्या, बरा आहे ना गं?" बरा कसला, पडद्याचं कापड बरं! सिनेमा मित्र म्हणतील तो, जेवण मी करीन ते, केस न्हावी कापेल तसे. स्वभावाने सोन्यासारखा, मुंगीला दुखवणार नाही. पण त्याला स्वतःला काय हवंय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आता मी कोण, तेही सांगते. एका मोठ्या चहाच्या कंपनीत चाखणाऱ्यांची मी मुख्य. मळ्यांकडून चहाचे नमुने येतात, ते आम्ही चाखतो आणि माल घ्यायचा की नाही ते ठरवतो. माझा भाऊ आणि वहिनी अपघातात गेले तेव्हा हे पोर रांगत होतं. मी त्याला घरी आणलं, वाढवलं, शिकवलं. पुढे तो आमच्याच खोलीत कामाला लागला. वशिल्याने नाही हं! त्याची जीभ खरंच तयार होती, चाचणीत भल्याभल्यांच्या पुढे गेला होता.

आमची खोली म्हणजे एक लांबलचक दगडी टेबल आणि त्यावर ओळीने पांढरे कप. चहा चमच्याने उचलायचा, सुर्रकन आवाज करत ओढायचा, तोंडभर खेळवायचा आणि थुंकदाणीत थुंकायचा. पाहुण्यांना ते बघून शिसारी येते. येऊ दे, त्यांना कोण बोलावतंय! खोलीचा एकच कडक नियम, तो म्हणजे चाखताना कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. एकाने नाक मुरडलं की शेजाऱ्याला नसलेला वास यायला लागतो. म्हणून प्रत्येकाच्या जागेला दोन्ही बाजूंनी लाकडी आडोसा आहे. चहा पसंत असेल तर चमचा टेबलावर सुलटा ठेवायचा, नापसंत असेल तर पालथा, आणि लगेच त्यावर वाटी झाकायची. मी "उघडा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम वाट्या उचलायच्या. मग जो काय वाद घालायचा तो घाला, पण आधी नाही.

भाच्याच्या शेजारची जागा नकारघंटेची. हे नाव खोलीतल्या म्हाताऱ्या चाखणाऱ्याने पाडलं, त्याला आम्ही सगळे आजोबा म्हणतो. ही पोरगी कामावर आली त्याच आठवड्यात आजोबा नवी टोपी घालून मिरवत आले. सगळ्यांनी वा वा केलं. हिला विचारलं तर म्हणाली, "टोपी छान आहे, तुम्हाला शोभत नाही." आजोबांना अशा मिरच्या झोंबल्या की बास! मधल्या सुट्टीत बशीत केकचा एकच तुकडा उरला की आमच्याकडे "तुम्ही घ्या, छे छे, तुम्ही घ्या" असा तमाशा चालायचा, आणि शेवटी तो तुकडा तिथेच वाळायचा. ही सरळ म्हणायची, "मला हवाय," आणि खायची. मालकांच्या घरची पार्टी होती, तिला जायचं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, डोकं दुखतंय म्हणून सांग." तर म्हणाली, "डोकं ठणठणीत आहे माझं. त्यांना सांगितलंय की घरी बसून वाचायचंय." आणि मालकांनी काही गिळलं नाही तिला! हो म्हणाले, बरं म्हणाले.

सुरुवातीला मला ती आगाऊ वाटली. पण हळूहळू लक्षात यायला लागलं की तिच्या तोंडून एकदा "छान" निघालं की माणूस आठवडाभर हवेत असतो. आमच्या शंभर "छान"ला ती किंमत नव्हती. आणि नाही म्हणताना तिच्यात तोरा नव्हता, की समोरच्याला खाली पाडायची हौस नव्हती. आपल्याला काय वाटतं ते तिला ठाऊक असायचं आणि ते सांगायची तिला लाज वाटायची नाही, एवढंच. हे एवढंच म्हणजे केवढं आहे, ते करून बघा म्हणजे कळेल.

तर माझा होयबा या नकारघंटेच्या प्रेमात पडला, आणि ती त्याच्या. मी तर देव पाण्यातून बाहेर काढले! खोलीत सगळ्यांना कौतुक, कारण वाट्या उघडल्या की या दोघांचे चमचे कायम सारखे. ती सुलटा तर हा सुलटा, ती पालथा तर हा पालथा. गवई म्हणून आमच्यात एक आहे, चहा ओढताना गायला बसल्यासारखा आवाज काढतो म्हणून ते नाव. तो म्हणायचा, "काय जुळतंय दोघांचं! पत्रिका कशाला बघायची, चमचे बघा." लग्न ठरलं. मी नवे पडदेसुद्धा आणले, माझ्या पसंतीचे.

आणि एका सकाळी माशी शिंकली.

एक नमुना आला होता, त्याला रंगाचा वास मारत होता. नव्या रंगवलेल्या खोक्यांत माल भरला असणार. शेंबड्या पोरालाही कळेल असा वास. आम्ही चाखलं, चमचे ठेवले, मी "उघडा" म्हटलं. सगळ्यांचे चमचे पालथे, फक्त भाच्याचा सुलटा. गवई हसत सुटला, "काय रे, घराला रंग काढलास की काय?" आजोबाही हसले. भाचा लालबुंद झाला.

ती मात्र हसली नाही. आडोशावरून वाकून तिने विचारलं, "वास आला नाही तुला?"

"आला."

"रंगाचाच ना?"

"हो."

"मग चमचा सुलटा कसा?"

त्याची नजर तिच्या चमच्यावर गेली, आणि तिचा चेहरा खाडकन बदलला. झालं असं होतं की चाखल्यावर तिच्या ओल्या बोटांतून चमचा निसटला आणि टेबलावर सुलटा पडला होता. सुलटा चमचा दगडावर जरा डुलतो, खुळखुळतो. पालथा ठेवला की टक् करून गप्प बसतो. तिने तो पडलेला चमचा बोटाने अलगद पालथा केला, आवाज न होता. याने फक्त खुळखुळ ऐकली होती.

"तू माझा चमचा ऐकतोस?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"बरेच महिने," तो म्हणाला. खोटं बोलता येत नाही त्याला, तेवढं मी शिकवलंय.

ती कप धुवायच्या खोलीत गेली, तो तिच्या मागे गेला, आणि मी दाराबाहेर उभी राहिले. हो, राहिले! माझा भाचा आहे तो.

"मला वाटलं तुला आवडेल," तो आत सांगत होता. "आपलं सगळं सारखं असावं म्हणून. मी तुझ्यासाठी काहीही करीन गं."

"मला जे आवडतं ते तुला आवडतं, मला जे नको ते तुला नको," ती म्हणाली. "मग मी तुला आवडते, ते तरी कुणी ठरवलं? तू ठरवलंस, की आणखी कुणाचा चमचा ऐकून?"

मग ती म्हणाली, "मला नाही करायचं हे लग्न," आणि बाहेर आली. मला बघून न बघितल्यासारखं करून जागेवर जाऊन बसली आणि पुढचा नमुना चाखायला घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, चमच्यासाठी कुणी लग्न मोडतं? दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी तडक तिच्या घरी गेले. एकटी राहते ती. खोली लहान, पण तिची म्हणजे तिचीच. एक भिंत गडद निळी, खुर्ची एकच पण ऐसपैस, खिडकीत पुस्तकांची चळत. डोळे रडून सुजलेले. मला तिने ती खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसली.

"तू स्वार्थी आहेस," मी सुरुवातच तशी केली. "तो पोरगा तुझ्यासाठी जीव द्यायला तयार आहे, आणि तू?"

"स्वार्थी आहेच मी," ती म्हणाली. "मला सुख हवं होतं म्हणूनच लग्न करणार होते. तुमच्यावर उपकार म्हणून नाही की त्याची कीव येऊन नाही. तो मला हवा होता." मग नाक पुसून म्हणाली, "त्याचा जीव घेऊन मी काय करू? मला तो जिवंत हवाय. नवा आला होता तेव्हा एकदा आपल्या सगळ्यांचे चमचे सुलटे होते, त्याच्या एकट्याचा पालथा होता. आठवतं? चहा गवतासारखा लागतो म्हणाला. कान लाल झाले होते, पण हटला नाही. त्या दिवशी मला तो आवडला. आता तो माणूस कुठे गेला, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "प्रेमात माणूस स्वतःला विसरतो. त्यालाच त्याग म्हणतात."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही त्याला वाढवलंत, तो त्याग होता?"

आता काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर लोकांनी माझ्या तोंडावर तेच फेकलंय. केवढा त्याग, केवढा त्याग, बिचारीने स्वतःचा संसार केला नाही. प्रत्येक वेळी मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आहे. "त्याग कसला डोंबलाचा!" मी ओरडलेच. "मला ते पोर हवं होतं. पहिल्या दिवशी माझं बोट धरून झोपलं, तेव्हापासून मला दुसरं काहीच नको होतं. दुसरं कुणी त्याला न्यायला आलं असतं तर मी तंगडं मोडलं असतं त्याचं. वाढवलं ते माझ्या आनंदासाठी!"

"मग," ती म्हणाली, "मलाही तसंच कुणीतरी हवं असावं असं वाटतं. त्यात चूक काय?"

भांडायला गेले होते, आणि खुर्चीत बसून रडत होते. तिने मला चहा करून दिला. उत्कृष्ट होता, हे मेलं कबूल करावंच लागेल.

घरी आले तर भाचा दारातच उभा. "काय म्हणाली? आत्या, मी काय करू?"

ओठांवर आलं होतं सगळं. तिची माफी माग, असं बोल, तसं बोल. आयुष्यभर हेच तर सांगत आले त्याला. मी जीभ चावली आणि म्हटलं, "मला काय विचारतोस? तुझं तू बघ."

त्याने अगदी केविलवाणा चेहरा केला. पण मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

मग घरात जी धांदल उडाली ती काही विचारू नका. सकाळी काय खायचं, हे ठरवायला साहेबांना एवढा वेळ लागायचा की कामाला उशीर व्हायचा. एकदा त्याच्या हातून टोस्ट करपला. मी म्हटलं टाकून दे. त्याने खाल्ला, थांबला, आणि डोळे मोठे करून म्हणाला, "आत्या, मला करपलेला आवडतो!" जन्मभर माझ्यासारखा मऊ पाव खात आला होता बिचारा. तो पडद्यासारखा शर्ट त्याने काढून टाकला, आणि मला न विचारता एक हिरवा आणला. भयानक होता. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला आवडलाय," आणि घालून गेला. मी मागून बघत राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की वेड्यासारखी एकटीच हसले.

कामावर त्याने स्वतःहून जागा बदलून मागितली. टेबलाच्या पार त्या टोकाला, नळाजवळ, जिथे पाण्याच्या आवाजात कुणाचाच चमचा ऐकू येत नाही. सुरुवातीला त्याची त्रेधातिरपीट झाली. चमचा हातात धरून उभा राहायचा, कपाळाला घाम. चुकायचा, सगळे हसायचे. पण वाटी उचलल्यावर आपलं म्हणणं काय ते नीट सांगायला लागला, आणि एखाद्या वेळी तर आजोबांनाच पुन्हा चाखून मान हलवावी लागली. ती तिच्या जागेवरून हे सगळं ऐकायची. दोघं कामापुरतं बोलायचे. आतल्या आत दोघंही जळत होते, दिसत नव्हतं का मला?

तशात तिचं मिश्रण तयार झालं. वेगवेगळ्या मळ्यांचे चहा एकत्र करून नवा चहा बनवायचा, हे आमच्या कामातलं सगळ्यात मानाचं. ती कितीतरी दिवस त्याच्यामागे लागली होती, झोपेतही तेच घोकत असणार. मालाचं बहुमतावर भागतं, पण मिश्रण बाजारात जायचं तर सगळ्यांचे चमचे सुलटे लागतात, आणि बनवणारा स्वतः चाखत नाही. ती भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. मालक मुद्दाम आले होते, त्यांना ते आधीच आवडलं होतं.

आम्ही चाखलं. अहाहा! मी डोळे मिटून सुलटा चमचा ठेवला. "उघडा" म्हटलं. गवई सुलटा, आजोबा सुलटा, मी सुलटा.

भाच्याचा पालथा.

अरे गाढवा, मनात म्हटलं, तिला परत मिळवायची शेवटची संधी आणि हे काय केलंस!

मालक हसत म्हणाले, "अरे, एकट्यासाठी कशाला अडवतोस? आणि तेही हिचं? कर सुलटा."

त्याचे कान लाल झाले होते. "गरम असताना सुरेख लागतो," तो म्हणाला. "पण जरा थंड झाला की शेवटी तुरटपणा मागे राहतो. जिभेच्या कडांना. लोक काही सगळा चहा गरमच पीत नाहीत."

ती भिंतीपासून निघाली, त्याच्या कपातला थंड चहा ओढला, पुन्हा ओढला. "मला नाही लागत," ती म्हणाली. आवाजात नुसती आग. "किती राबले आहे मी यावर, माहितेय तुला?"

"माहितेय," तो म्हणाला. "पण तुझी मेहनत माझ्या जिभेला लागत नाही. तिला फक्त चहा लागतो."

मीही थंड चहा चाखला. तुरट लागला की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आजोबा म्हणाले लागतो, गवई म्हणाला नाही. मालक वैतागले. "घालूया बाजारात. एक नाही असला म्हणून काय झालं?"

तेव्हा तीच पुढे आली. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं देव जाणे. "नाही मालक," ती म्हणाली. "त्याला लागतोय ना? मग जाणार नाही. मी पुन्हा बघते." अशी पोरगी मी आयुष्यात बघितली नाही, असं मला वाटलं. स्वतःचं लाडकं काम, स्वतःच्या हाताने मागे घेतलं. त्याच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. आपला चहा चांगला व्हावा, असं तिलाच मनापासून वाटत होतं.

मालक गेले, गवई आणि आजोबा कप घेऊन धुवायला गेले. मी नळाशी काहीतरी खुडबुडत राहिले. जाईन कशी?

ती त्याच्यासमोर उभी राहिली. "तू चुकतोयस असं मला अजून वाटतं," ती म्हणाली.

"वाटू दे," तो म्हणाला.

"लग्न करशील माझ्याशी?"

मला राहवेना. "अरे, हो म्हण पटकन!" मी नळावरून ओरडले.

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "थांब आत्या," तो म्हणाला. "मला विचार करू दे."

आणि खरंच तो खिडकीपाशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तो नाही म्हणू शकतो, हे पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं. तिच्याही आलं असणार, कारण ती पांढरीफटक पडली होती. कधी नाही ते तिला कुणाच्या तरी उत्तराची भीती वाटत होती. पण ती जागची हलली नाही, त्याला पाहिजे तेवढा वेळ दिला तिने.

तो परत आला. "हो," तो म्हणाला. "मला हवी आहेस तू."

तिने श्वास सोडला, हसली, रडली, सगळं एकदम. मग बाहीने डोळे पुसत विचारलं, "आणि माझा चहा?"

"नापास," तो म्हणाला.

तिने त्याला तिथेच, दगडी टेबलाशी, माझ्यादेखत घट्ट मिठी मारली, आणि मी नळ बंद करायचं विसरून बघत उभी राहिले.